पौर्णिमेनंतरचा गड

लग्न होऊन धुळ्याला आले त्याला बारा वर्षं झाली. पण एवढ्या वर्षांत खान्देश मी पाहिला तो एसटीच्या खिडकीतून. माझं माहेर वाईचं. आमच्याकडे यात्रा म्हणजे सकाळी गाडी करायची, डबे बांधून घ्यायचे आणि दिवेलागणीला परत यायचं. इथे आल्यावर कळलं की चैत्रात, जेव्हा अकरानंतर माणसं घराबाहेर डोकं काढत नाहीत, नेमकी तेव्हाच गावंच्या गावं सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघतात. शाळेच्या खिडकीतून त्यांची निशाणं जाताना मी पाहायची आणि मुलींना पुढचा धडा काढायला सांगायची.

या वर्षी मी गेले, तेही हौसेनं नव्हे. मागे यजमानांना कावीळ झाली तेव्हा सासूबाईंनी चैत्रपौर्णिमेला चालत गडावर येईन असा नवस बोलला होता. फाल्गुनात त्या न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तू जाय बेटा," त्या म्हणाल्या. "सासू गयी काय, सून गयी काय, पाय एकाच घरना शेत." पाय एकाच घरचे, हा त्यांचा हिशेब.

शाळेत परीक्षेचे दिवस. मोठ्या बाईंनी नऊ दिवसांची रजा दिली, तीही कपाळाला आठ्या घालून. सप्तमीला निघायचं, पौर्णिमेला गड. एकही दिवस इकडेतिकडे व्हायला जागा नव्हती.

सोनगीर ते धुळे

सासूबाईंचं गाव सोनगीर. तिथून पहाटे आम्ही तेवीस जण निघालो. पुढे लाल निशाण घेऊन गुलाबनाना. वय पासष्टच्या पुढे, अंगावर मांस नाही, पण चाल अशी की तरुण माणसाला गाठताना धाप लागावी. हे त्यांचं एकविसावं वर्ष. त्यांच्या मागे त्यांची धाकटी बहीण, सखूअक्का. नवरा गेल्यापासून ती माहेरी सोनगीरलाच असते. कुठे थांबायचं, काय शिजवायचं, कोणी कोणाशी भांडायचं नाही, हे सगळं तीच ठरवते. तिनं माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"मास्तरीण, चप्पल घाल वं पायमा. देवीले तुना फोड नही पाहिजेत."

मी ऐकलं नाही. नवस सासूबाईंचा, त्यात माझी लबाडी नको, असं मला वाटत होतं. आग्रा रोडच्या डांबरावर दुपारच्या आत माझा तो विचार डळमळला, तरी हट्टानं मी अनवाणीच राहिले.

धुळ्यात शिरलो तेव्हा आमची गल्ली अगदी दहा मिनिटांवर होती. मला वाटलं, घरी जाऊन आंघोळ करावी, पलंगावर पाठ टेकावी. अक्कानं मान हलवली. निघालेल्या माणसानं मध्येच घरी जायचं नाही. म्हणून माझ्याच गावात मी एका शाळेच्या व्हरांड्यात, तेवीस जणांच्या रांगेत झोपले. यजमान संध्याकाळी डबा घेऊन आले आणि पाहुण्यासारखे बाजूला उभे राहिले. मला हसू आलं, त्यांनाही.

नेर

धुळ्याहून साक्रीकडे जाणारा रस्ता पांझरेच्या सोबतीनं जातो. नदीला बांध घालून पाटानं शेतांना पाणी देण्याची इथली रीत फार जुनी आहे. सगळीकडे कपाशी उपटून काळी रानं तापत पडलेली असताना नेरजवळ एकदम हिरवं दिसलं, तेव्हा डोळ्यांना गार वाटलं. कडुनिंब फुलले होते. ऊन चढायच्या आत एका शेतकऱ्यानं आम्हाला त्याच्या मळ्यात बोलावलं. ओळख ना पाळख. दरवर्षी गडाकडे जाणाऱ्या पहिल्या निशाणाला त्याच्याकडे वरण-बट्टी असते, एवढंच कारण.

आमच्याकडे पंगत मानापानानं बसते. इथे अक्का रांगेतून फिरली, प्रत्येकाचे तळपाय पाहिले आणि ज्याचे पाय जास्त खराब त्याला आधी वाढायला सांगितलं. त्यामुळे पहिलं पान माझं झालं. जेवणानंतर तिनं कोमट तेल आणलं आणि माझे पाय मांडीवर ओढून घेतले. माझ्या सासूच्या वयाची बाई माझ्या पायांना हात लावते आहे, हे मला सहन होईना. मी पाय मागे घेऊ लागले.

"गप ऱ्हाय," ती म्हणाली. "वाटवर कोनी मोठं नही, कोनी धाकलं नही."

दुपारभर नाना बाभळीखाली बसून बोलत होते. देवी खान्देशची लेक आहे, असं ते मानतात. हे तिचं माहेर. चैत्रात तिला माहेरची आठवण येते आणि लेकीला यायला जमत नाही म्हणून माहेरची माणसं तिला भेटायला जातात. मीही वाईहून धुळ्याला दिलेली. माझा भाऊ शेवटचा आला त्याला चार वर्षं झाली होती.

साक्रीच्या अलीकडे

या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी तसं सांगितलं आहे. साक्रीच्या अलीकडचं रस्त्यालगतचं लहान गाव, एवढं पुरे.

तिसरा दिवस रामनवमीचा. नानांचा उपास होता. सकाळी त्यांनी आपली पाण्याची बाटली मागे पडलेल्या एका बाईला देऊन टाकली, हे आम्हाला नंतर समजलं. साडेदहाच्या सुमारास रस्त्यावर एकही झाड नव्हतं. मला पुढे निशाण डावी-उजवीकडे झुकताना दिसलं. मग नाना काहीतरी बोलू लागले, बैल सोडा, पाणी भरलं का, असं. आणि ते गुडघ्यांवर बसले, तसेच कुशीवर कलंडले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. तवा असावा तसं तापलेलं होतं, आणि घामाचा टिपूससुद्धा नव्हता.

गावाचं पहिलं घर शंभर पावलांवर होतं. त्या घरातून पांढऱ्या साडीतली एक तरुण बाई धावत आली. तिनं आल्या आल्या अक्काच्या हातातला तांब्या धरला.

"पाणी तोंडात घालू नका. शुद्ध नाहीये, ठसका लागून जीव जाईल. उचला, आत आणा."

ती प्रमिला, त्या गावच्या उपकेंद्रातली नर्स. चौघांनी नानांना उचलून तिच्या घरात नेलं. तिनं त्यांचा सदरा काढला, चादर ओली करून अंगावर टाकली, मानेला आणि काखेत ओल्या घड्या ठेवल्या आणि माझ्या हातात सुपली देऊन वारा घालायला सांगितलं.

सुपली हलवता हलवता मी वर पाहिलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. शेजारी निळ्या कोटातला तो फोटो होता, जो अशा प्रत्येक घरात असतो. मग मी दाराकडे पाहिलं. अक्का उंबऱ्याबाहेर उभी होती. तिनंही ती भिंत पाहिली होती. तिचा पाय पुढे आला नाही.

मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. सख्खा भाऊ आत पडलेला, आणि साठ वर्षांची सवय तिला बाहेर धरून ठेवत होती. प्रमिलाचे वडील, भिकाभाऊ, दारातच होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यात त्यांचा जन्म गेला. ज्या रस्त्यानं आम्ही चालत आलो तो त्यांच्याच हातचा. त्यांनीही सगळं ओळखलं. त्यांनी खाट उचलून निंबाखाली टाकली.

"अक्का, आठे सावली शे. बठा," ते म्हणाले.

अक्का बसली. पाच मिनिटं गेली असतील. प्रमिला बाहेर आली, पदरानं हात पुसत.

"अक्का, मी हाका मारतेय, पण ते मला ओळखत नाहीत. ओळखीचा आवाज पाहिजे. तुम्ही उशाशी बसा आणि बोलत राहा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, विनवणीही नव्हती. कामाची गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. अक्का उठली, आत आली आणि नानांच्या उशाशी मांडी घालून बसली. "नाना, ओ नाना, मी सखू," असं ती बोलत राहिली. कधी लहानपणीच्या विहिरीचं बोलली, कधी मेलेल्या बैलाचं, कधी आईचं. तासाभरानं नानांच्या पापण्या हलल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि "पानी" म्हणाले.

प्रमिलानं मीठ-साखर घातलेलं पाणी पेल्यात भरून अक्काच्या हातात दिलं. अक्कानं चमच्या-चमच्यानं ते पाजलं. पेल्यात थोडं उरलं. ते तिनं स्वतःच्या तोंडाला लावलं आणि एका दमात संपवलं. सकाळपासून तिच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मग पेला प्रमिलापुढे धरून ती म्हणाली, "पोरी, आजून दे."

साक्रीहून डॉक्टर जीपनं आले, सलाइन लावलं. पुढचे दोन दिवस हलवायचं नाही, पंधरा दिवस उन्हात पायी चालायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आम्ही सगळे बसलो. सगळ्यांच्या आधी मी बोलले. आज ते लिहितानाही मला संकोच वाटतो. मी म्हणाले, पाच जणांनी नानांजवळ थांबावं, बाकीच्यांनी पहाटे निघावं, म्हणजे पौर्णिमा साधेल. माझं बोलणं हिशेबाला धरून होतं. रजा, नवस, तिथी, सगळं त्यात बसत होतं. खुद्द नानांनीही प्रमिलाच्या घरून तेच सांगून पाठवलं होतं: माझ्यासाठी थांबू नका.

अक्का माझ्याकडे वळली.

"मास्तरीण, तुले जानं व्हई तर जाय. तुले नोकरी शे, मी दोष नही देवाव," ती म्हणाली. "बाकी, आपुन बठ्ठा संगे निंघनूत. संगेच जासूत."

एकेकानं मान डोलावली: सगळे बरोबर निघालो, बरोबरच जायचं. रोजंदारीवर जाणाऱ्या बायका होत्या त्यांत, कांदे काढायला आलेले सोडून निघालेले शेतकरी होते. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त अडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी साक्रीला जाऊन मी शाळेला तार केली: रजा वाढवा.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस. चैत्र म्हणजे पापड-कुरडयांचा महिना. रिकामं बसून काय करायचं म्हणून आमच्या बायका गावातल्या अंगणांत शिरल्या. कोणाचे उडदाचे पापड लाटून दिले, कोणाच्या ज्वारीच्या बिबड्या उन्हात घातल्या. मला लाटता येतं हे पाहून एकीनं विचारलं, "मास्तरीणले येस का?" वाईलाही आम्ही हेच करतो, म्हणून मी सांगितलं, फक्त तुमच्याइतकं तिखट नाही. भाकऱ्या गावाच्या दोन्ही बाजूंनी येत होत्या, बौद्धवाड्यातून आणि पाटलांच्या आळीतूनही. त्या एकाच टोपलीत पडत. कुठली कोणाची ते पहिल्या दिवशी कोणीतरी पाहिलं असेल; दुसऱ्या दिवशी कोणीच पाहिलं नाही.

निघायच्या दिवशी नाना लहान मुलासारखे रडले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा निशाण त्यांच्या खांद्यावर नव्हतं. भिकाभाऊ बाजूला बिडी ओढत बसले होते.

"नाना, तुमना डॉक्टर चालू नको म्हने," ते म्हणाले. "एसटीमा बठू नको, आसं तर नही म्हने ना?"

मग ठरलं. आम्ही नांदुरीला कोणत्या दिवशी पोचतो ते बोटांवर मोजलं. त्या दिवशी भिकाभाऊ नानांना बसनं नांदुरीच्या थांब्यावर आणतील. प्रमिलानं एक अट घातली: गडाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. निशाण अक्कानं उचललं.

पिंपळनेरच्या पुढे

पिंपळनेर सोडलं की मुलूखच बदलतो. डोंगर जवळ येतात, घरं कुडाची होतात, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली असतात आणि त्यांच्या गोडसर वासानं वाट भरून राहते. एका पाड्यावर एका आजीनं आम्हाला मूठ मूठ वाळली फुलं दिली. तिची भाषा आम्हाला समजेना, आमची तिला. अक्कानं तिला बिबड्या दिल्या. दोघींनी एकमेकींच्या बांगड्या पाहिल्या, हसल्या, आणि तेवढ्यावर भेट झाली.

सेलबारीच्या घाटात माझी उजवी टाच फुटली. तिथून पुढे मी चप्पल घातली. अक्कानं पाहिलं आणि काहीच म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. सटाण्याकडे शेताशेतांत कांद्याचे ढीग होते. तिथल्या एका बाईनं भाकरीबरोबर कांदा फोडून दिला, त्याची चव अजून जिभेवर आहे. पौर्णिमा आम्ही वाटेतच पाहिली. दिवे लागायच्या वेळेला चंद्र डोंगरावर आला, तेव्हा सगळ्यांनी गडाच्या दिशेनं हात जोडले. मला वाईट वाटेल अशी मी वाट पाहत होते. वाटलं नाही. मन नांदुरीच्या थांब्यावर लागलं होतं. दहा दिवसांपूर्वी ज्या माणसाचं नावही मला माहीत नव्हतं, तो बसमध्ये बसू शकला असेल का, याचीच काळजी.

नांदुरी आणि गड

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही नांदुरीला पोचलो. यात्रा पांगली होती. रस्त्यावर नारळाच्या शेंड्या आणि चहाच्या ओस पडलेल्या टपऱ्या. थांब्यावर आम्ही बावीस जण बसलो. पहिली बस आली, त्यात नाना नव्हते. दुसरी आली, तीही तशीच गेली. अक्का निशाण धरून उभी. मी मनातल्या मनात वाईटाचा विचार करायला लागले होते.

तिसऱ्या बसच्या दारात आधी भिकाभाऊ दिसले. त्यांनी खाली उतरून हात वर केला आणि त्या हाताला धरून नाना उतरले. डोक्याला ओला पंचा, गालफडं बसलेली, पण पायावर उभे. अक्का पुढे गेली. तिनं भावाला हात लावला नाही. तिनं भिकाभाऊंचे पाय धरले. ते गडबडले, मागे सरले, "नको अक्का, आसं नको," म्हणत राहिले.

नानांना चालायचं नव्हतं आणि जायचं तर सगळ्यांनी बरोबरच, म्हणून जीपनं आम्ही वर गेलो. देवळाच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे नानांनी पहिल्या पायरीवर डोकं टेकलं आणि सावलीत बसले. अक्कानं भिकाभाऊंना वर चला म्हटलं. त्यांनी मान हलवली. आवाज मऊ होता, पण ठाम.

"मी देव सोडी दियात, अक्का. मी नानाजोडे खाले बठस. तुमनी लेकले तुम्ही भेटी या."

तिनं आग्रह केला नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांत मी पाहिलेला सर्वांत सभ्य संवाद तो.

पौर्णिमेला म्हणे इथे पाय ठेवायला जागा नसते, दर्शनाला क्षणही मिळत नाही. आम्हाला मिळाला तासभर. डोंगराच्या दगडातच घडलेली, शेंदरानं माखलेली अठरा हातांची ती उंच देवी, मान थोडी कललेली, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी. सासूबाईंचं नाव घेऊन मी साडी-चोळी ठेवली. पुजाऱ्यानं विचारलं, कुठून आलात. बावीस जण एकदम म्हणाले, "खान्देशातून." त्यात माझाही आवाज होता. बारा वर्षांत हे उत्तर माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. एरवी मी वाईच सांगते.

खाली आलो तेव्हा दोघे म्हातारे शेंगदाणे खात होते आणि विहिरीला पाणी कुठल्या दगडाखाली लागतं यावर जोरात वाद घालत होते. आम्ही आलेलं त्यांना कळलंही नाही.

धुळे

घरी आल्यावर मी सासूबाईंना भीत भीत सांगितलं की पौर्णिमा चुकली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाना वाचना ना?" त्यांनी विचारलं. "मंग फिटना नवस." त्यांच्या लेखी नवस फिटला होता.

मोठ्या बाईंनी मात्र वाढीव रजा बिनपगारी केली, ते त्यांच्या परीनं बरोबरच होतं.

हे सगळं लिहायला इतके महिने लागले, त्याचं कारण मला ते पुरं झालं असं वाटत नव्हतं. आश्विनात प्रमिलाचं पोस्टकार्ड आलं. त्यांच्या गावची चाळीस माणसं दसऱ्याला ट्रकनं नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार, दोन दिवस आधी सकाळी आठच्या सुमाराला धुळ्यातून जातील, जमलं तर पारोळा रस्त्यावर भेटू. ते कार्ड मी सोनगीरला वाचायला पाठवलं. आदल्या संध्याकाळी अक्का, नाना आणि आणखी सात जण माझ्या दारात हजर. बरोबर पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि एक मोठी परात. पहाटेपासून माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्या गेल्या. सासूबाई खाटेवर बसून मोजत होत्या.

ट्रक आला. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, मागे उभी राहून गाणारी पोरंसोरं. भिकाभाऊ खाली उतरले, नानांना मिठी मारली. रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून चाळीस जणांची पंगत बसली. अक्का तळपाय पाहू शकत नव्हती, कारण कोणी चालत आलेलं नव्हतं. म्हणून तिनं म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायकांना आधी वाढलं.

ट्रक सुटायच्या वेळी प्रमिला म्हणाली, "अक्का, परवा दसरा आहे, आता घरी जा. उशीर होईल."

"कसाना उशीर?" अक्का म्हणाली. "तुम्ही परत कव्हय येशात ते सांग. तीन दिननी भूक ऱ्हाई तुमले."

या वर्षी अक्कानं दसरा सोनगीरला, स्वतःच्या घरी केला नाही. ती माझ्याकडे राहिली, आणि ट्रक परत यायच्या दिवशी सकाळपासून पाण्याचे हंडे भरून पारोळा रस्त्यावर उभी होती. मी तिच्या शेजारी होते.